क्योटोला कधी जायचं? आम्ही मे का निवडला

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला ऑगस्ट उजाडला की फोन ठरलेले असतात. पुण्याची नणंद, ठाण्याचे मामेसासरे, कॉलेजची मैत्रीण, सगळ्यांचा एकच प्रश्न, कासला फुलं आली का गं, कधी येऊ? आणि मी दरवर्षी तेच सांगते की बाई तारीख नको मागू, पाऊस कसा पडतो त्यावर आहे सगळं, एका आठवड्यात तेरडा आणि सीतेची आसवं पठारभर असतात आणि पुढच्या आठवड्यात सोनकीनं पिवळं झालेलं असतं, रविवारी येऊ नकोस, यवतेश्वरच्या घाटात गाड्यांच्या रांगेत बसशील, मंगळवार बुधवार बघ.

आता गंमत अशी की सासूबाई आणि लेकीला घेऊन जपानमधल्या क्योटोला जायचं ठरलं तेव्हा मीच दोन महिने त्या नणंदेसारखं करत होते. बेस्ट सीझन कुठला, फुलं नक्की कुठल्या तारखेला, रोज रात्री मोबाईल घेऊन तेच. जाऊन आल्यावर आता इतके लोक विचारतायत म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

पहिलं डोक्यात अर्थातच साकुरा. चेरीचा बहार क्योटोत साधारण मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा पहिला आठवडा. मी पतसंस्थेत आहे, मार्चअखेर. म्हणजे माझ्यासाठी तो विषय तिथंच संपला, ३१ मार्चला रजा मागायची हिंमत आमच्याकडे कोणात नाही. पण सोडा, ज्यांना रजा मिळते त्यांनाही सांगते, हा बहार कासपेक्षा लहरी आहे. पूर्ण फुलल्यावर जेमतेम आठवडाभर टिकतो, मध्ये एक जोराचा पाऊस आला की सगळ्या पाकळ्या खाली. आणि तारीख सरकतेय. क्योटो ७९४ पासून १८६८ पर्यंत जपानची राजधानी होती, त्यामुळे दरबारी लोकांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशांमध्ये अमुक दिवशी फुलं बघायला गेलो अशा नोंदी आहेत, त्या पार नवव्या शतकापर्यंत मागे जातात, आणि त्या सगळ्या जुळवल्यावर दिसतं की २०२१ मध्ये २६ मार्चला जो पूर्ण बहार आला तितका लवकर त्याआधी बाराशे वर्षांत नोंदलेला नाही. वसंतातली उष्णता वाढतेय हे कारण. हे वाचून मी खरंच अस्वस्थ झाले होते, कारण कासबद्दल आपण नुसतं म्हणतो की पूर्वी असं नव्हतं, पण लिहून कोणी ठेवलंय? त्यांनी फूल फुललं ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी मानली.

तर साकुरा बघायचाच असेल तर एक करा, फक्त फुलांच्या भरवशावर तिकीट काढू नका. आणि उशीर झालाच तर निन्नाजी देवळात ओमुरो नावाच्या बुटक्या चेरी आहेत, त्या इतरांपेक्षा मागून फुलतात, एप्रिलच्या मध्यापर्यंतसुद्धा. हॉटेलचं म्हणाल तर आम्ही जिथं राहिलो तिथलीच खोली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जवळजवळ दुप्पट दाखवत होती.

दुसरा सीझन लाल पानांचा, मोमिजी. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. तोफुकुजी, एइकान्दो या देवळांतले मेपल बघायला अख्खा जपान लोटतो. हवा मस्त, कोरडी, थंड, चालायला उत्तम. आमचं घोडं दिवाळीच्या सुट्टीवर अडलं, दिवाळी कधी ऑक्टोबरात कधी नोव्हेंबरात, पण सुट्टी संपून शाळा सुरू होते तेव्हा तिकडे पानं नुकती रंगायला लागतात. ज्यांना शाळेचं बंधन नाही त्यांनी हाच सीझन घ्यावा असं मी म्हणेन, साकुरापेक्षा जास्त दिवस टिकतो.

उन्हाळा म्हणजे जुलै ऑगस्ट. क्योटो तीन बाजूंनी डोंगरात आहे, वाटीसारखं, वारं हलत नाही. ऑगस्टमध्ये दुपारचं तापमान सरासरीनेच ३३ च्या वर आणि वर दमट. आपल्याला काय उन्हाची सवय आहे असं नवरा म्हणत होता, पण साताऱ्याची संध्याकाळ गार होते, तिथली होत नाही. तरी एका गोष्टीसाठी मला जुलैत जायचंय एकदा, गिऑन मात्सुरी. ८६९ साली साथ आली होती तेव्हा ती हटावी म्हणून सुरू झालेला उत्सव, अजून चालू आहे, १७ जुलैला मोठी मिरवणूक. लाकडी रथ, मोठे तर २५ मीटरपर्यंत उंच आणि १२ टनांपर्यंत वजनाचे, खिळा न मारता दोरांनी बांधलेले, माणसं ओढतात. त्या रथाची चाकं वळत नाहीत, त्यामुळे चौकात आला की खाली बांबूच्या कामट्या अंथरतात, पाणी ओततात आणि सगळे मिळून रथ आडवा घसरवत फिरवतात. वाईजवळच्या बावधनचं बगाड, तो बैलांनी ओढायचा लाकडी गाडा, ज्यानं शेतातून येताना बघितलंय त्याला हे वाचूनच अंगावर काटा येईल.

हिवाळ्याचं थोडक्यात. थंडी अशी की ती लोकं म्हणतात जमिनीतून वर येते. देवळांत बूट काढून लाकडी फरशीवर चालायचं असतं, सासूबाईंचे गुडघे बघता मी तो विचारच सोडला. सोनेरी किंकाकुजी देवळावर बर्फ बघायचा असेल तर नशीब लागतं, वर्षात थोडेच दिवस पडतो. फेब्रुवारीत कितानो तेनमांगू देवस्थानात प्लमची फुलं असतात आणि गर्दी सगळ्यात कमी, तरुण जोडप्यांनी विचार करावा.

जून म्हणजे त्यांचा पावसाळा. शेवाळ्याच्या बागा तेव्हा सगळ्यात सुंदर असतात हे मला पटतं, पण साताऱ्याचा पाऊस सोडून दुसऱ्या पावसात ओल्या दगडांवर सत्तरीच्या बाईला चालवायचं, नको.

म्हणून मे. पण मे म्हणजे कुठलाही मे नाही, हे नीट वाचा. २९ एप्रिल ते ५ मे त्यांचा गोल्डन वीक, सगळ्या देशाला सुट्ट्या, तेव्हा चुकूनही जाऊ नका. तो संपला की पावसाळा सुरू होईपर्यंत जे तीन एक आठवडे मिळतात ते धरा. आपली शाळेची सुट्टी, मार्चअखेर उरकलेली, इकडे साताऱ्यात ऊन मी म्हणत असतं आणि तिकडे सकाळी पातळ स्वेटर लागतो. आम्ही १३ मेला पोचलो.

१५ मेला आओई मात्सुरी असतो, पाऊस असेल तर दुसऱ्या दिवशी. जुन्या राजवाड्यातून सकाळी साडेदहाला निघून शिमोगामो आणि मग कामिगामो या दोन देवस्थानांना जाणारी मिरवणूक, पाचशेच्या वर माणसं, हेइआन काळातले, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या पद्धतीचे कपडे, टोप्यांना हिरवी पानं खोवलेली. कोणी ओरडत नाही, ढोल नाही, नुसता पावलांचा आवाज. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो आणि लांबून कर्र कर्र असा आवाज यायला लागला, सासूबाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, अगं ही गाडी हाय. खरंच बैलगाडी होती, काळी, मोठाल्या चाकांची, वरून जांभळ्या फुलांचे घोस सोडलेले, पुढे सजवलेला बैल. सासूबाई कोरेगावकडच्या, माहेरी आठ बैल होते. "ह्यांच्यात बी बेंदूर असतो व्हय?" असं म्हणून त्यांनी दोन्ही हात जोडले. शेजारच्या एका जपानी आजीनं ते बघितलं आणि त्यांना कमरेत वाकून नमस्कार केला. दोघी एकमेकींकडे बघून हसत राहिल्या. मला ते अजून डोळ्यांसमोर दिसतं.

नंतरचे दिवस हळू घेतले. कियोमिझुदेरा हे देऊळ सकाळी सहाला उघडतं, तेव्हाच गेलो, तो १३ मीटर उंच लाकडी सज्जा जवळजवळ रिकामा. फुशिमी इनारी देवस्थान कधी बंद नसतं, कधीही जा, पण गर्दी नको असेल तर सकाळी दहाच्या आत. सान्जूसान्गेन्दो देवळात कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, १००१ मूर्ती आहेत आणि त्यांच्या राखणदारांमध्ये आपला गरुड आहे, चक्क बासरी वाजवताना, लेकीनं ओळखला. एक दिवस उजीला, ट्रेननं अर्धा तासही लागत नाही, तिथं मेमध्ये चहाची खुडणी चालू असते आणि भारी चहाच्या मळ्यांवर खुडायच्या आधी तीन आठवडे काळं कापड घालून सावली करतात, त्यानं पान गोड होतं म्हणे. संध्याकाळी कामो नदीकाठी हॉटेलवाले पाण्याच्या बाजूला लाकडी मांडव घालतात, ते मेपासूनच सुरू होतात. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, नुसतं टोफू दिसलं म्हणून खाऊ नका, रस्सा बहुतेक वेळा माशाचा असतो, भिक्षूंचं जेवण म्हणजे शोजिन र्‍योरी विचारा. आणि मेमध्ये शाळेच्या सहली पुष्कळ असतात, दुपारी देवळात युनिफॉर्ममधली पोरं पोरं, त्याची तयारी ठेवा. मला त्रास झाला नाही, रायगडावर आपणही असेच जातो.

शेवटच्या दिवशी एइकान्दोला गेलो. नोव्हेंबरात इथं मुंगीच्या पावलानं चालावं लागतं म्हणतात, आम्ही गेलो तेव्हा दहा बारा माणसं असतील. सगळे मेपल हिरवे, इतके कोवळे हिरवे की खाली उभ्या माणसाच्या तोंडावर पण तो रंग येतो. याला त्यांच्यात वेगळा शब्द आहे, आओमोमिजी, हिरवं मेपल, म्हणजे लाल व्हायच्या आधीचं असं नाही, ते स्वतःच बघण्यासारखं. आणि पानांच्या खाली बारीक लाल पंख असलेल्या बिया लोंबत होत्या, चतुरासारख्या, ज्या कुठल्याच फोटोत मी आधी बघितल्या नव्हत्या. वाऱ्यानं एक खाली पडली. सासूबाईंनी उचलली, तळहातावर ठेवून बराच वेळ बघितली, मला वाटलं आता पिशवीत जाणार. त्यांनी वाकून परत झाडाच्या मुळाशी ठेवली.