कप्पा, लॅम्डा आणि माझी वही

गेल्या जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्यावरून, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतून, घरी आलो आणि पायातली चप्पल निघेना. नडगीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. ही म्हणाली, "दिवसभर उभं राहिल्यावर सुजणारच." लघवीला फेस येतोय हे मात्र मी तिला सांगितलं नव्हतं.

सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर तीस वर्षं हिशेब लिहितोय, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. आधी स्वस्तात मिळालं म्हणून 'फुल बॉडी' पॅकेज करून घेतलं. भलामोठा रिपोर्ट आला. नेमकी जी तपासणी हवी होती ती त्यात नव्हतीच. साखर नाही, क्रिएटिनिन ठीक, बीपी उलट कमी. किडनीच्या डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी तपासायला लावली तर ६ ग्रॅम प्रोटीन! एरवी ०.१५ ग्रॅमच्या आत असतं.

मग सीरम इलेक्ट्रोफोरेसिस केलं, म्हणजे रक्तातली प्रोटीनं पट्टीवर वेगळी करून बघतात ती तपासणी. 'एम बँड नाही' असं लिहून आलं, म्हणजे खराब प्रोटीनची रेघ दिसली नाही. मी म्हटलं, सुटलो. डॉक्टर म्हणाले, "एवढ्यात सुटू नका. अमायलॉइडोसिस म्हणून आजार असतो, त्यात खराब प्रोटीन अवयवांत साचतं. ते रक्तात कधी इतकं थोडं असतं की त्या पट्टीत दिसत नाही." त्यांनी रक्ताचं आणि लघवीचं इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन या जास्त बारीक तपासण्या लिहून दिल्या. सॅम्पल सोलापुरात घेतलं, तपासणी मुंबईला.

कप्पा १४, लॅम्डा २१२. गुणोत्तर ०.०७, हवं ०.२६ ते १.६५.

बोनमॅरोमधल्या प्लाझ्मा पेशी अँटीबॉडी बनवतात. तिचे हलके तुकडे म्हणजे लाइट चेन. त्या दोन जातींच्या, कप्पा आणि लॅम्डा. एकाच घराण्यातल्या पेशी माजल्या की एकच जात भरमसाट होते, तिची घडी चुकते आणि तिचे तंतू किडनीत, हृदयात साचतात. जन्मभर सुताचे नंबर लिहिले, शेवटी बिघडलेलं सूत माझ्याच अंगात निघालं. हृदयावर ताण आहे का ते बघायला एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन या रक्ततपासण्या झाल्या; तिथे थोडक्यात निभावलं.

रक्तावरून फक्त संशय बळावतो. निकाल अवयवातून काढलेल्या तुकड्यावर. माझी किडनी बायोप्सी झाली, काँगो रेडचा रंग देऊन खास प्रकाशात पाहिलं की हिरवट चमक दिसते, ती दिसली. तंतू लॅम्डाचेच आहेत, हेही तिथेच ठरलं. बोनमॅरोच्या सुईचं वर्णन करत नाही, ती आठवण नको.

उपचार पुण्याला ठरले. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जायचं, त्या माजलेल्या पेशींवरचं बोर्टेझोमिबचं इंजेक्शन पोटावर घ्यायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. मीठ बंद, म्हणजे शेंगा चटणीही गेली. हे दुःख आजाराइतकंच मोठं, सोलापूरकरालाच कळेल.

दुसऱ्या महिन्यात मी शहाणपणा केला. चारशे रुपये वाचतात म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. लॅम्डा आधीच्या महिन्यापेक्षा वाढलेला! दोन रात्री झोप नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, "लॅब बदललीत का?" तपासणीच्या प्रत्येक किटचे आकडे वेगळे येतात, एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. जुन्या लॅबमध्ये परत केलं तर आकडा उतरलेला होता. एका पेढीची बाकी दुसऱ्या पेढीच्या वहीत ओढायची नसते, हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

आता वहीत दर महिन्याला लॅम्डातून कप्पा वजा करून लिहितो. सुरुवातीला १९८, तिसऱ्या महिन्यात ६१, पाचव्या महिन्यात १९. डॉक्टरांना तो ४० च्या खाली हवा होता. लाइट चेन काही तासांतच रक्तातून निघून जातात, म्हणून औषध लागू पडतंय की नाही ते लवकर कळतं. किडनी मात्र सावकाश. फरक १९ वर आला तेव्हाही लघवीत ४ ग्रॅम प्रोटीन होतंच, आणि मी उगाच हिरमुसलो होतो. डॉक्टर म्हणाले, साचलेलं निघायला महिने लागतात, कधी वर्षही.

काउंटरवरचा पोरगा आता मला बघितलं की चिठ्ठी न वाचताच म्हणतो, "काका, लाइट चेनच ना?"