बारा चुकांचं पुस्तक

आमचा मूळ धंदा लग्नपत्रिकांचा. नाशिकला रविवार कारंज्याच्या मागच्या गल्लीत वडिलांनी प्रेस टाकली तेव्हा खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. माझ्याकडे कारभार आला तोवर ऑफसेट आलं होतं. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू. पुस्तकं काढायचं घरात कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

2019 च्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आला. तिसरी झालेली, पुस्तक दिसलं की पोटात दुखायचं. "रोज एक पान तरी वाचून घे," असं ताईने बजावलं होतं. दोन दिवसांत मी हात टेकले आणि त्याला प्रेसवर नेलं. गप्प बसावा म्हणून प्रुफांचा गठ्ठा पुढे टाकला. म्हटलं, चूक सापडली की एक रुपया.

तासाभराने आवाज आला, "मावशी, शुभविवाद म्हणजे काय गं?"

ती पत्रिका दुसऱ्या दिवशी मशीनवर चढणार होती. दोन्हीकडच्या मंडळींनी प्रूफ तपासून सही केली होती. त्या आठवड्यात पठ्ठ्याने माझ्याकडून 43 रुपये नेले आणि 'चि. सौ. कां.' म्हणजे काय तेही विचारून घेतलं.

मार्च 2020 मध्ये लग्नं थांबली. पुन्हा सुरू झाली ती पन्नास माणसांत, आणि पत्रिका व्हॉट्सॲपवर. मशीनवर चादर टाकलेली, गोदामात 20 × 30 इंची मॅपलिथो कागद पडून. त्या एका कागदावर पाठपोट छापलं की सव्वासात बाय साडेनऊची 16 पानं बसतात, कात्रण फारसं जात नाही. पडून असलेल्या कागदाचं काय करायचं, इतकाच तेव्हाचा विचार. मुद्दाम चुका ठेवलेली एक गोष्ट लिहिली, मुखपृष्ठावर छापलं: 'यात 12 चुका आहेत. शोधा.' 500 प्रती, 60 रुपये किंमत.

पहिल्या आवृत्तीत आम्ही सरळ शुद्धलेखनाच्या चुका ठेवल्या होत्या. एका शाळेने घेतलेल्या 40 प्रती आठवड्यात परत आल्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "आम्ही चुका सुधारायच्या आणि तुम्ही त्या विकायच्या?" राग आला. घरी येऊन विचार केला तर बाईंचं खरं होतं. ज्या मुलाच्या डोळ्यांत अजून शब्दच बसलेला नाही, त्याला मोडका शब्द का दाखवायचा?

तोडगा 'शुभविवाद'मध्येच होता. विवाद हा शब्द बरोबरच आहे, फक्त जागा चुकली. मग सगळ्या चुका तशा केल्या. 'आबांनी मिसळीवर गरम रस्ता ओतला.' 'मळ्यात द्राक्षांचे धड लटकत होते.' यात एकेक शब्द पाहून काही हाती लागत नाही, वाक्य पुरं वाचावं लागतं. 'धड'वर मुलं आधी थबकतात, मग जी हसतात की वर्गात आवरणं कठीण. उत्तरं शेवटच्या पानावर उलटी छापली.

अक्षरांशी झटापट वेगळीच. आमचे डीटीपीवाले काका आयुष्यभर दोन्ही कडा सरळ करत आलेले. उजवी कड मोकळी सोडा म्हटल्यावर म्हणाले, "ताई, दात पडल्यासारखं दिसेल." पण कडा सरळ करायला शब्दांत जागा ताणावी लागते आणि नवशिक्या वाचकाची नजर त्या फटीत पडते. म्हणून 'आबांनी मिसळीवर' एका ओळीत, 'गरम रस्ता ओतला' खालच्या. ओळींत अंतरही भरपूर हवं. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. ओळी दाटल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीच्या डोक्यावर बसतो. ल आणि श मात्र मी हट्टाने मराठी वळणाचेच ठेवले. शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयातही तेच आहेत. काही फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात, पण संगणकावर भाषा मराठी निवडली नाही तर हिंदी वळण येतं. मूल पाटीवर एक ल गिरवतं आणि पुस्तकात दुसराच दिसतो.

दुसरं पुस्तक 'र'च्या लपंडावाचं. सूर्यात तो डोक्यावर चढतो, चक्रात पायाशी तिरका होतो, ट्रकमध्ये 'ट'च्या खाली टोपीसारखा बसतो, कैऱ्यांमध्ये आडवा होतो. प्रत्येक शब्दावर एक झडप, उघडली की खाली सुटा र. झडपांसाठी डाय हवी, म्हणजे कागद कापायचा साचा. अंबडला द्राक्षांच्या खोक्यांच्या डाय करणारे एक भाऊ भेटले. प्लायवूडमध्ये पाती ठोकता ठोकता म्हणाले, "एवढं बारीक? यात द्राक्षाचा एक मणीसुद्धा मावायचा नाही." डाय सुरेख झाली, चूक माझी. कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, बघितला नाही. घडी ग्रेनला आडवी गेली, तिथे कागद तडकला, आणि पावसाळी हवेत झडपा पापडासारख्या वळल्या. 1,000 प्रती रद्दीत. तेवढे पैसे पुन्हा जमवायला दोन लग्नसराया गेल्या.

दुकानदार म्हणतात, सोबत फासा द्या, खेळणं म्हणून खपेल. पुस्तकावर जीएसटी नाही, खेळण्यावर आहे. शिवाय फासा आला की पोरं फासाच खेळणार. नको.

पत्रिका अजूनही छापतो, पगार त्यातूनच निघतात. 1840 पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या गावात मुलं वाचत नाहीत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रेटली असती, पण मग ते पोस्टकार्ड आलं.

दिंडोरीजवळच्या एका गावातून, चौथीतल्या मुलीचं. 'तुमच्या पुस्तकात 12 नाही, 13 चुका आहेत. पान 9. गोदावरीवर जुना पुल आहे. पुलावर म्हणताना ऱ्हस्व, पण नुसता पूल दीर्घ. बाईंनी सांगितलंय.' तीन वेळा प्रूफ वाचलं होतं मी. काकांनी वाचलं होतं. भाच्यानेही.

प्लेट बदलायला निघाले तर भाचा आडवा आला. आता दहावीत आहे. म्हणाला, "मावशी, आधी तिचा रुपया दे." पुठ्ठ्यावर नाणं चिकटवून पाकिटात घातलं. रुपया पाठवायला पाच रुपयांचं तिकीट लागलं. पंधरा दिवसांत त्याच वर्गातून आणखी अकरा पत्रं आली, सगळी चौदाव्या चुकीची. त्यातल्या दोघांना रुपये पाठवावे लागले.