तुम्ही विचारलंत म्हणून: सर्किटचा नकाशा नसताना ईसीयू कसा वाचतात

“मॅडम, कंपनीनं याचं सर्किट कुणालाच दिलेलं नाही, मग आत काय आहे ते तुम्हाला कळतं कसं?” हा प्रश्न मला गॅरेजवाले विचारतात, गाड्यांचे मालक विचारतात आणि अलीकडे इंजिनीअरिंगची मुलेही विचारतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरच्या, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझे काम चालते. टेबलावर बहुतेक वेळा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या गाडीची ॲल्युमिनियमची पेटी उघडलेली असते. इंजिनाला पेट्रोल किती आणि ठिणगी केव्हा द्यायची ते ठरवणारी ही पेटी म्हणजेच ईसीयू. तिला गॅरेजात कुणी ईसीएम म्हणतात, कुणी नुसते ‘कॉम्प्युटर’. विचारणाऱ्याला घाई असते, म्हणून आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देत आले. आज ते सविस्तर लिहिते.

पेटीच्या आत काय आहे ते मला ठाऊक नसले, तरी तिच्या बाहेर काय आहे ते ठाऊक असते, आणि सगळे काम तिथूनच सुरू होते. पेटीला वायरी जोडणाऱ्या प्लगमधली, म्हणजे कपलरमधली, प्रत्येक वायर इंजिनावरच्या कोणत्या ना कोणत्या भागापाशी जाते आणि त्या भागाचे वागणे कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसते. पेट्रोल फवारणाऱ्या साध्या इंजेक्टरच्या गुंडाळीचा रोध १२ ते १६ ओहम भरतो. त्याच्या एका टोकाला रिलेमधून बारा व्होल्ट मिळतात आणि दुसरे टोक पेटी अर्थला जोडते, म्हणजे त्या पिनेच्या पाठीमागे ट्रान्झिस्टरसारखा एखादा स्विच असलाच पाहिजे. सायलेन्सरच्या वाटेवरचा, धुरातला ऑक्सिजन जोखणारा लॅम्डा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्येच हेलकावे घेतो, म्हणजे त्याच्या पिनेमागे इतका बारीक दाब मोजू शकणारी व्यवस्था असणार. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, चुंबकीय सेन्सरची वायर बहुधा जाळीदार आवरणाची असते आणि ते आवरण अर्थला जोडलेले असते, त्यामुळे शेजारशेजारच्या कोणत्या पिना त्याच्या हे वायरिंग पाहूनच समजते. अशा रीतीने मल्टिमीटर आणि वही घेऊन बसले, की ५५ पिनांच्या कपलरमधल्या चाळीसेक पिनांचा हिशेब पेटी उघडण्यापूर्वीच लागलेला असतो. मग पेटी उघडून प्रत्येक पिनेचा ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, कुठल्या आयसीच्या (चिपच्या) कुठल्या पायाशी जातो ते बोटाने, भिंगाने आणि मीटरच्या आवाजाने शोधायचे. यात हुशारीपेक्षा चिकाटी जास्त लागते, असे माझे मत आहे.

इतका खटाटोप करण्यापेक्षा नवी पेटी का बसवत नाही, हा त्याला जोडूनच येणारा प्रश्न. इंधन आणि ठिणगी या दोन्हींचा हिशेब एकाच कॉम्प्युटरकडे देणारी बॉशची मोट्रॉनिक प्रणाली १९७९ साली युरोपात आली. आपल्याकडे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देण्याची पद्धत) हा शब्द रुळला तो नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि २००० सालच्या प्रदूषणाच्या नियमांनंतर पेट्रोलच्या नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर भराभर गेला. त्या पिढीतल्या ज्या गाड्या पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करून आजही चालतात, त्यांच्या काही कंपन्यांनी या देशातला कारभार केव्हाच आवरला आहे, आणि ज्या कंपन्या आहेत त्यांच्याकडेही या पेट्या मिळत नाहीत. कुर्ल्याच्या भंगारात तशीच दिसणारी पेटी मिळते. पण वरचा क्रमांक एका अंकाने वेगळा असला, तरी आतला प्रोग्राम वेगळ्या इंजिनाचा किंवा वेगळ्या गिअरबॉक्सचा असू शकतो.

आता एक उदाहरण सांगते. पार्ल्याच्या एका निवृत्त शिक्षकांची गाडी चाळीसेक मिनिटे रहदारीत चालली की बंद पडायची आणि अर्धा तास थांबले की काही झालेच नाही अशी सुरू व्हायची. गॅरेजने इंधनाचा पंप, इग्निशन कॉइल आणि क्रँकचा सेन्सर असे तीन भाग बदलून झाले होते. सर गाडी टोचन करून आणण्याला कंटाळले होते, म्हणून त्यांनी पेटीच काढून हातात आणली. ती टेबलावर चालवायची, तर तिला इंजिन फिरत असल्याचा भास करून द्यावा लागतो. या इंजिनाच्या क्रँकवर साठ दातांच्या जागेचे चक्र असते, त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात आणि त्या मोकळ्या जागेवरून पेटीला चक्राची सुरुवात कळते. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास. एका फेऱ्यात साठ जागा, म्हणजे सेकंदाला ३००० दातांची लहर आणि प्रत्येक फेऱ्याला दोन दातांची खाच. अशी लहर देणारे छोटे यंत्र मी करून ठेवले आहे. ते जोडले आणि इंजेक्टरच्या जागी चार बल्ब लावले. थंड असताना पेटी दोन तास विनातक्रार चालली.

मग हेअर ड्रायरने हळूहळू ऊब दिली, कारण डॅशबोर्डखाली मे महिन्याच्या दुपारी जेवढे तापमान होते तेवढेच मला हवे होते. साठ अंशांच्या पुढे गेल्यावर बल्ब विझले. लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला, तर क्रँकची लहर कपलरच्या पिनेवर स्वच्छ दिसत होती. पण त्याच ट्रॅकवर दोन सेंटिमीटर पुढे, तिला चौकोनी स्पंदात बदलणाऱ्या आयसीच्या पायावर ती नव्हती. त्या आयसीवर कंपनीचा खाजगी क्रमांक होता, तिची माहिती कुठेही छापलेली नाही, आणि पुष्कळ जण अशा वेळी आयसीवरच संशय घेऊन ती उपटतात. मला मात्र तिच्या पोटात काय आहे हे कळण्याची गरजच नव्हती; तिच्यापर्यंत लहर पोहोचत नव्हती, एवढे मोजून सिद्ध झाले होते. भिंगाखाली पाहिले, तेव्हा पिनेभोवतीच्या सोल्डरमध्ये केसासारखी गोल भेग होती. बोर्ड तापून फुगला की ती उघडत होती आणि निवला की पुन्हा टेकत होती. १८३ अंशांना वितळणारे शिसे-कथिलाचे जुन्या मिश्रणाचे सोल्डर घेऊन ती एकच नव्हे, तर त्या रांगेतल्या सगळ्या पिना नव्याने जोडल्या, कारण एकीची जी अवस्था होती तीच उरलेल्यांची वर्षभरात झाली असती.

जुन्या पेट्यांमधले निम्म्याहून जास्त बिघाड मला तरी असेच साधे आढळले आहेत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या आणि नव्वदच्या सुरुवातीच्या काही जपानी पेट्यांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात. गळती बहुधा ऋण पायाच्या बाजूने सुरू होते, आतला द्रव अल्कधर्मी असल्याने तो तांब्याचे ट्रॅक खातो, आणि त्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवला की सुक्या मासळीसारखा वास येतो. तो वास आला की पुढचा अर्धा दिवस नुसता धुण्यात आणि ट्रॅक तपासण्यात जाणार, हे मी समजून चालते. दुसरा शत्रू आपल्या शहराचा पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ज्या गाड्यांची पेटी पुढच्या प्रवाशाच्या पायाशी होती त्यांतल्या कित्येकांच्या पेट्या बुडाल्या. पाण्याने जेवढे बिघडते त्याहून जास्त पाण्यात सप्लाय चालू राहिल्याने बिघडते: बारा व्होल्टचा ट्रॅक आणि शेजारचा अर्थ यांच्यामध्ये गढूळ पाणी आले, की तांबे विरघळू लागते आणि काही तासांत ट्रॅकच्या जागी हिरवी रेघ उरते. म्हणून पाणी शिरलेली गाडी ‘चालू होते का बघू’ म्हणून कधीही चावी फिरवू नये. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. ट्रॅक पुरता गेला असेल, तर तो कुठून कुठे जात होता हे कुर्ल्याहून आणलेल्या त्याच क्रमांकाच्या बोर्डावर शोधावे लागते, आणि तेव्हा ते भंगार सोन्याच्या मोलाचे होते.

बोर्ड सुधारला तरी आतली मेमरी शाबूत आहे का, हा वेगळा प्रश्न असतो, आणि इथे मी एकदा मोठी चूक केली आहे. जुन्या पेट्यांत प्रोग्राम साठवणारी २७सी२५६ जातीची चिप, म्हणजे ईप्रॉम, असते. तिच्यात ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ आकडे मावतात. वरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश गेला की ते पुसले जातात, म्हणून खिडकीवर चिकटपट्टी असते. सुरुवातीच्या काळात मी अशी एक चिप एकदाच वाचली, ती प्रत नव्या चिपवर उतरवली आणि जुनी चिप दुसऱ्या कामासाठी पुसून टाकली. चिपचे पाय काळे पडलेले होते, त्यामुळे वाचताना एका पायाचा संपर्क सुटत होता आणि काही आकडे चुकीचे उतरले होते. गाडी सुरू झाली, पण आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, तिचे इंजिन वरखाली होत राहिले. तसाच बोर्ड मिळून खरी प्रत हाती येईपर्यंत दोन आठवडे त्या माणसाची गाडी उभी राहिली, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. आता मी आधी पाय साफ करते, मग किंचित कमी-जास्त व्होल्टेजवर तीनदा वाचते आणि तिन्ही प्रती अक्षरशः सारख्या आल्याशिवाय पुढे जात नाही. मूळ चिप मालकाच्या हाती परत देते.

त्या आकड्यांचा अर्थ कसा लागतो, हा या प्रश्नातला मला सर्वांत प्रिय भाग आहे. मोट्रॉनिकच्या अनेक जुन्या पेट्यांत इंटेलच्या ८०५१ या घराण्यातला प्रोसेसर असतो, उदाहरणार्थ सीमेन्सचा ८०सी५३५. आणि पेटीचा नकाशा गुप्त असला, तरी प्रोसेसरची पुस्तिका छापलेली आहे. हा प्रोसेसर सुरू होताच शून्य पत्त्यावरून वाचू लागतो. तिथे ०२ हा आकडा दिसला, तर तो ‘दूर उडी मार’ असा हुकूम असतो आणि पुढचे दोन आकडे कुठे जायचे ते सांगतात. तसे काहीच दिसले नाही, तर काही बोर्डांवर ट्रॅक आखण्याच्या सोयीसाठी पत्त्याच्या वायरींची अदलाबदल केलेली असते हे आठवून पुन्हा मीटर हातात घ्यायचा. त्यानंतर आकड्यांचे वाचता येतील अशा हुकुमांत भाषांतर संगणक करतो. गीड्रा हे साधन अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०१९ साली मोफत खुले केल्यापासून तर विद्यार्थ्यांनाही ते घरबसल्या जमते. पण संगणक नुसते हुकूम उलगडतो. कोणता आकडा कशाचा, हे बाहेरूनच आणावे लागते.

समजा, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर आहे. त्याची पिन मी आधीच ओळखली आहे, तिचा ट्रॅक प्रोसेसरच्या कोणत्या पायाशी गेला तेही पाहिले आहे, आणि त्या सेन्सरला पाच व्होल्ट पुरवणारा रोध बोर्डावर मोजला तर तो २.२ किलोओहम भरला. बॉशचा प्रचलित सेन्सर २० अंशांना सुमारे २.५ किलोओहम दाखवतो. म्हणजे पिनेवर २.६६ व्होल्ट येणार आणि आठ बिटांच्या मोजणीत, म्हणजे पाच व्होल्टचे ० ते २५५ असे आकडे केले तर, ते १३६ च्या आसपास दिसणार. ८० अंशांना तोच सेन्सर सव्वातीनशे ओहमच्या खाली येतो, तेव्हा आकडा ३२ च्या जवळ पडणार. आता प्रोग्राममध्ये मोजणीचे रजिस्टर (प्रोसेसरच्या आतली आकडा ठेवण्याची जागा) कुठे वापरले आहे ते शोधायचे. या प्रोसेसरमध्ये कोणता पाय मोजायचा ते डी८ या पत्त्यावर लिहितात आणि उत्तर डी९ वर मिळते. आपला पाय निवडणारी जागा सापडली, की तिथून पुढे तो आकडा ज्या तक्त्यात घातला जातो तो तक्ता समोर येतो, आणि त्यात १३६ आणि ३२ यांच्या समोरच्या नोंदी वीस आणि ऐंशी अंशांना शोभतील अशा निघाल्या, की मनाची खात्री पटते. एक तक्ता निश्चित झाला, की तो ज्या-ज्या ठिकाणी वापरला आहे त्या जागा ओळखू येतात: थंड इंजिनाला वाढवून दिलेले पेट्रोल, पंखा सुरू करण्याचा क्षण, ठिणगीच्या वेळेतली दुरुस्ती. वहीत मी मोजलेली गोष्ट शाईने लिहिते आणि अंदाज पेन्सिलीने, आणि पेन्सिलीच्या भरवशावर कधीही बोर्डाला हात लावत नाही.

हे कायद्याला धरून आहे का, असेही काही जण दबक्या आवाजात विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, ज्याच्याकडे प्रोग्रामची रीतसर प्रत आहे त्याला नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत काढण्याची आणि त्या प्रोग्रामचे तत्त्व समजून घेण्यासाठी त्याचे निरीक्षण व अभ्यास करण्याची मुभा आहे. माझे स्वतःचे दोन नियम त्याहून कडक आहेत. आरसी बुक आणि मालक समोर असल्याशिवाय मी चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरच्या पेटीला हात लावत नाही. आणि लॅम्डा सेन्सर बंद करून द्या किंवा ताकद वाढवून द्या, असे सांगणाऱ्यांना नम्रपणे परत पाठवते, कारण त्या गाडीचा धूर इथल्याच रस्त्यावर उभ्या माणसांच्या छातीत जाणार असतो.

सरांची पेटी परत देताना मी त्यांना वहीतल्या सहा पानांची प्रत दिली: कपलरच्या पिना, त्यांच्यापुढचे सेन्सर, क्रँकच्या लहरीचा ट्रॅक आणि नव्याने जोडलेल्या पिनांची रांग. ती पाने घडी घालून गाडीच्या कागदपत्रांबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, असे सांगितले. पुढच्या वेळी ही पेटी जो कुणी उघडेल, त्याच्यासाठी ती आहेत.