काका म्हणाले, एकदम मस्त बसला

इंदूरला रामबागेजवळ माझं छोटंसं दुकान आहे, बाजारातला कुठलाच बूट ज्यांना बसत नाही त्यांचे बूट मी बनवतो. मागच्या वर्षी लोकमान्य नगरचे एक काका पायाला पट्टी बांधून दुकानात आले आणि ती पट्टी माझ्याच बुटामुळे होती.

काकांना 20 वर्षांची शुगर, डाव्या पायाचा अंगठा कापलेला, बाकीची बोटं वाकडी झालेली. माप मी संध्याकाळीच घेतलं होतं कारण दिवसभरात पाय सुजतो, सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी आवळतो. काकांना कागदावर उभं करून पेन्सिल सरळ धरून रेघ काढली, फर्म्यावर, म्हणजे बूट ज्यावर बेततात त्या पायाच्या साच्यावर, चामड्याचे तुकडे चिकटवून बोटांसाठी जागा वाढवली, आत एमसीआरचं, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराचं, मऊ इनसोल टाकलं, सोल सोल्यूशननेच चिकटवला, खिळा एकही नाही. ट्रायलला काकांनी दुकानात चार चकरा मारल्या आणि म्हणाले, "एकदम मस्त बसला रे." मी खूश, बूट पिशवीत घालून दिले.

पाचव्या दिवशी काका परत. पट्टी सोडली तर करंगळीच्या कडेला चार आण्याएवढा फोड, तोही फुटलेला. काका आपले शांत, "दुखत नाही रे, सूनबाईने मोजा धुवायला घेतला तेव्हा डाग दिसला." मी बुटात हात घालून बोट फिरवत गेलो तर जिथे अपर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, जोडलंय तिथली शिलाई आत उंच आली होती, तांदळाच्या दाण्याएवढी, माझ्या बोटाला लगेच टोचली. काका 5 दिवस तिच्यावर चालत होते आणि त्यांना पत्ताच नाही.

मला घाम फुटला. ज्या माणसाला तळपायाचं काही कळत नाही त्यालाच मी विचारत होतो, टोचतंय का म्हणून! शुगरमध्ये नसा बधिर होतात हे मला माहीत होतं की, तरी त्या "मस्त"वर मी विश्वास ठेवला. अंगठा कसा गेला होता ते काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तोही एका साध्या फोडानेच.

लगेच रिक्षा करून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पायावर भार टाकायलाच मनाई केली. भरायला दीड महिना लागला, त्यात अहिल्योत्सवाची, म्हणजे अहिल्याबाई होळकरांच्या उत्सवाची, पालखी गेली, दरवर्षी काका पालखीबरोबर चालतात, त्या वर्षी नाही गेले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसरा जोड बनवताना बोटांच्या भागात आत शिलाईच ठेवली नाही, अस्तर अखंड एका तुकड्याचं घेतलं, त्यावर आधी स्वतःचं बोट फिरवलं, मग बायकोला फिरवायला लावलं. ट्रायलला काकांना 20 मिनिटं चालवलं.

"मस्त आहे रे आता," काका म्हणाले.

"काका, बसा आणि मोजा काढा," मी म्हटलं, आणि टॉर्च घेऊन खाली बसलो.