न्यायाधीशांच्या खोक्यातल्या पिवळ्या चिठ्ठ्या

एखाद्या न्यायाधीशाच्या घरून कागदपत्रं आली की सगळ्यांचा हात आधी 'कोर्ट' लिहिलेल्या खोक्यांकडे जातो. तिथे बहुधा निराशाच होते. छापील निकालपत्रं, कायद्याच्या पुस्तकांच्या पुरवण्या, बार असोसिएशनच्या जेवणाची निमंत्रणं. यातलं बरंचसं कुठल्याही लॉ लायब्ररीत मिळतं. हातानं लिहिलेलं, न पाठवलेलं, कुठे ठेवावं हे न सुचल्यामुळे कुठेतरी सारून दिलेलं जे काही असतं, ते 'चर्च', 'हॉस्पिटल बोर्ड', 'बॉय स्काउट' असल्या फोल्डरांत सापडतं.

मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, खासगी कागदपत्रांच्या विभागात काम करते. हे प्रकरण तिथल्याच एका सुपीरियर कोर्टाच्या न्यायाधीशांच्या संग्रहाचं. नाव आणि गाव देत नाही. सुपीरियर कोर्ट म्हणजे ढोबळमानानं आपलं जिल्हा व सत्र न्यायालय. खून, घटस्फोट, जमिनीचे वाद, सगळं तिथेच. न्यायाधीश निवडून येतो, आणि ग्रामीण भागात आसपासच्या अनेक काउंट्यांत, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत, फिरून कोर्ट भरवतो. या न्यायाधीशांचं दिवसा न्यायदान, संध्याकाळी रोटरी, रविवारी मेथडिस्ट चर्चमध्ये प्रौढांचा वर्ग, शिवाय वाचनालयाचं आणि रुग्णालयाचं विश्वस्तपद. पुण्यात सबजज असताना सार्वजनिक सभेचं काम ओढणारे रानडे आठवले तर साचा लक्षात येईल. फरक इतकाच की रानड्यांवर सरकारची नजर होती, आणि इथे न्यायाधीश म्हणजेच गावचं सरकार.

चौतीस खोकी आली ती पोटमाळ्यावरून. दक्षिणेतला पोटमाळा म्हणजे कागदाचा शत्रू. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळी हवेत दमट, आणि वर्षभर झुरळं व कसर. असं सामान सरळ भांडारात नेत नाहीत. आधी वेगळ्या खोलीत प्रत्येक खोकं उघडून बुरशी पाहायची. ओली, पसरणारी, बोटाला लागणारी असेल तर ते खोकं बाजूला. कोरडी, पूड झालेली असेल तर हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमनं मऊ ब्रश लावून साफ करता येते. किडीसाठी खोकी जाड पॉलिथिनमध्ये घट्ट बंद करून उणे वीस अंशांवर आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. फोडली तर थंड कागदावर खोलीतली वाफ जमते आणि शाई फुटते. पिशवी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच उघडायची.

त्यानंतर कशालाही हात न लावता प्रत्येक खोक्याचा वरून फोटो आणि फोल्डरांची नावं जशी आहेत तशी उतरवून घेणं. माणसानं स्वतः लावलेला क्रम हाही पुरावा असतो, तो एकदा मोडला की परत येत नाही. २००५ नंतर अमेरिकेतल्या आर्काइव्हांमध्ये 'कमी हाताळा, लवकर खुलं करा' ही पद्धत चांगलीच रुळली. फोल्डरपर्यंतच जायचं, आतले कागद एकेक पाहायचे नाहीत. कंपन्यांच्या, संस्थांच्या ढिगांना ती ठीक आहे. न्यायाधीशाच्या कागदांना नाही, असं मी ठामपणे म्हणते. लहान काउंटीत हाच माणूस बालन्यायालयही चालवायचा. दत्तकविधानाचे मोहोरबंद कागद, मुलांची नावं, नंतरच्या काळातले सोशल सिक्युरिटी नंबर, कुठेही निघू शकतात. फोल्डर न उघडता तो वाचकाच्या टेबलावर ठेवणं म्हणजे दुसऱ्याची गुपितं वाटणं.

'वाचनालय मंडळ' असं नाव असलेल्या फोल्डरात वरती सभांची इतिवृत्तं होती, छताच्या दुरुस्तीचे अंदाज होते, आणि तळाशी एक वापरलेला लांबट लिफाफा. त्यावर पेन्सिलीनं एकच शब्द, 'टर्म', म्हणजे कोर्ट भरण्याचं सत्र. साल नाही. आत गंजलेल्या क्लिपनं धरलेला छोट्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, आणि त्याच्यावर घडी घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण.

गंजलेली क्लिप कधीही ओढायची नाही. ती कागदाला चिकटलेली असते, ओढली की कागदाचा तुकडा घेऊनच निघते. क्लिपच्या खाली आणि वर पॉलिएस्टरच्या पातळ पट्ट्या सरकवायच्या, क्लिपचं एक अंग बोटानं दाबून धरायचं आणि दुसरं अंग बोथट स्पॅच्युलानं अलगद उचलायचं. निघाली. चिठ्ठ्या एकसष्ट. प्रत्येकीवर एक नाव आणि पत्ता, टाइप केलेला. बाकी काही नाही. आणि चिठ्ठ्या दोन रंगांच्या वाटत होत्या.

'वाटत होत्या' म्हणते, कारण जुन्या स्वस्त कागदाच्या बाबतीत डोळ्यावर विश्वास ठेवता येत नाही. लाकडाच्या लगद्याचा पांढरा कागद सत्तर वर्षांत पिवळाच पडतो. त्यात वर कात्रण. वर्तमानपत्राच्या कागदातली आम्लता शेजारच्या कागदात उतरते आणि त्याच्यावर कात्रणाच्या आकाराचा तपकिरी डाग उमटवते. सर्वांत वरची चिठ्ठी अशीच चौकोनी डागाळलेली होती. म्हणजे हा रंग मुळातला की वयाचा, हे ठरवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

ते ठरवता येतं. वयानं पिवळट झालेला कागद कडांना जास्त गडद असतो, कारण हवा आणि उजेड कडेनं आत शिरतात. मध्यभाग फिका राहतो. रंगवलेल्या लगद्याचा कागद बरोबर उलटा. कडांचा रंग उडालेला, आणि क्लिपखाली किंवा घडीच्या आत, जिथे उजेड पोचला नाही तिथे, मूळ रंग ताजा. भिंगातून पाहिलं तर रंगवलेल्या कागदाच्या फाटक्या कडेला आतले तंतूही पिवळेच दिसतात. गठ्ठ्याच्या मधोमध दाबून राहिलेल्या चिठ्ठ्या घेतल्या. पांढऱ्या तिथे जवळजवळ पांढऱ्या होत्या, आणि पिवळ्या लिंबासारख्या पिवळ्या. शेवटी अंधाऱ्या खोलीत लांब तरंगलांबीच्या अतिनील दिव्याखाली थोडा वेळ धरल्या. १९५० च्या आसपासपासून कागदात उजळपणासाठी जी रसायनं घालू लागले ती या दिव्याखाली निळसर चमकतात. यातली एकही पांढरी चिठ्ठी चमकली नाही. त्यानं तारीख सिद्ध होत नाही, पण कागद जुना असल्याच्या बाजूनं तो एक मुद्दा.

बावन्न पांढऱ्या, नऊ पिवळ्या.

ज्यूरी, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष हे ठरवणारी सामान्य नागरिकांची तुकडी, आपल्याकडे बहुतेकांना नानावटी खटल्यापुरतीच माहीत असते, म्हणून थोडं सांगायला हवं. जॉर्जियात त्या काळी ज्यूरी कमिशनर करदात्यांच्या यादीतून 'सचोटीची आणि बुद्धिमान' माणसं निवडत. त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या पेटीत पडत. न्यायाधीश स्वतः हात घालून चिठ्ठ्या काढत. अटलांटा ज्या फुल्टन काउंटीत येतं तिथे गोऱ्यांची नावं पांढऱ्या चिठ्ठीवर आणि काळ्यांची पिवळ्या चिठ्ठीवर असत. जेम्स एव्हरी या काळ्या माणसावरच्या खटल्यात सुमारे साठ नावं काढली गेली आणि त्यात काळा माणूस एकही नव्हता. चिठ्ठ्या काढणाऱ्या न्यायाधीशांनी साक्ष दिली की आपण भेदभाव केला नाही. ती साक्ष कुणी खोडली नाही. तरीही मे १९५३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली, कारण रंगीत चिठ्ठ्यांमुळे भेदभावाची वाट आयतीच मोकळी राहते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत आधीच निंद्य ठरवली होती. चालू मात्र होतीच. त्याच काउंटीत, त्याच पद्धतीच्या ज्यूरीसमोर ऑब्री विल्यम्स या काळ्या आरोपीचा खटला चालला, पण त्याच्या वकिलानं वेळेत हरकत घेतली नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९५५ मध्ये प्रकरण फेरविचाराला परत पाठवलं, जॉर्जियाच्या न्यायालयानं ऐकलं नाही, आणि १९५६ मध्ये विल्यम्सला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला. जॉर्जियातल्याच १९६७ च्या व्हिटस खटल्यात पुन्हा तोच रंग निघाला. गोऱ्यांची करविवरणपत्रं पांढऱ्या कागदावर, काळ्यांची पिवळ्या.

लिफाफ्यातलं कात्रण एव्हरी निकालाचंच होतं.

या चिठ्ठ्यांवर वंश कुठेच लिहिलेला नाही. रंग हीच नोंद. आणि आमच्या कामातल्या रोजच्या, चांगल्या सवयी नेमक्या रंगाच्याच मुळावर येतात. कुजका कागद आम्लमुक्त पांढऱ्या कागदावर फोटोकॉपी करून मूळ टाकून देणं, ग्रेस्केल स्कॅन करणं, नावं अकारविल्हे लावणं, यातलं काहीही केलं असतं तर एकसष्ट नावांची एक निरुपद्रवी यादी उरली असती. स्कॅनरचं आपोआप 'पांढरं दुरुस्त' करणारं सेटिंगही तितकंच घातक. ते पिवळा हा डाग समजून पुसतं. म्हणून सहाशे पीपीआय, पूर्ण रंगात, शेजारी रंगपट्टी ठेवून, सगळ्या सुधारणा बंद करून टिफ फाइली केल्या. प्रत्येक चिठ्ठीच्या दोन्ही बाजू. चिठ्ठीवर पेन्सिलीनंही क्रमांक टाकला नाही. गठ्ठ्यातल्या मूळ क्रमानं पॉलिएस्टरच्या खिशांत एकेक ठेवली आणि क्रमांक खिशावर. कात्रण वेगळ्या फोल्डरात, मध्ये कागद घालून.

पिवळ्या चिठ्ठ्या काळ्या रहिवाशांच्याच, हे गृहीत धरून चालणार नव्हतं. ती पद्धत फुल्टनची, हे न्यायाधीश दुसरीकडचे. मॉरो इथल्या जॉर्जिया आर्काइव्हमध्ये काउंट्यांच्या करदात्यांच्या याद्या मायक्रोफिल्मवर आहेत. फिल्म कृष्णधवल, रंग तिथे गेलेलाच. पण याद्यांमध्ये काळ्या करदात्यांचा भाग वेगळा आहे. नऊपैकी सात नावं त्या भागात मिळाली, गोऱ्यांच्या भागात एकही नाही. काळ ठरवायला गावाच्या जुन्या डिरेक्टऱ्या कामी आल्या. सगळी माणसं चिठ्ठीवरच्याच पत्त्यावर एकाच वेळी कोणत्या वर्षांत सापडतात ते पाहायचं. कुणी घर बदललेलं, कुणी वारलेलं, असं करत पट्टा अरुंद होतो. आमचा १९४७ ते १९५१ वर आला. कात्रण नंतरचं, म्हणजे चिठ्ठ्या जुन्याच होत्या आणि निकाल आल्यावर कात्रण त्यांच्याबरोबर ठेवलं गेलं. का, ते लिफाफा सांगत नाही आणि मीही सांगणार नाही.

मग मालकीचा प्रश्न. न्यायाधीशांची खासगी टिपणं, मसुदे, न्यायासनावर बसून लिहिलेली वही हे सगळं अमेरिकेत त्यांचं स्वतःचं मानण्याचा रिवाज आहे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, अलाबामाचे ह्यूगो ब्लॅक यांनी १९७१ मध्ये आपली तिथली चर्चेची टिपणं जाळून टाकायला लावली, आणि कुणी अडवू शकलं नाही. पण ज्यूरीची चिठ्ठी हे टिपण नव्हे. ती काउंटीची मालमत्ता, कोर्टाच्या क्लार्कच्या ताब्यातली. सरकार असा कागद कधीही परत मागू शकतं, आणि कुटुंबाला तो देणगी देण्याचा अधिकारच नसतो. न्यायाधीशांच्या कन्येला हे फोनवर समजावताना त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग तो लिफाफा आम्हालाच परत नाही का देता येणार?" देणगीपत्रात 'नको असलेले कागद कुटुंबाला परत' असं कलम असतं, त्याचा त्यांनी आधार घेतला. ते कलम इथे लागू होत नाही, हे सांगावं लागलं. दुसरा प्रश्न अधिक रास्त होता, "चिठ्ठ्या कमिशनर बनवत. बाबांवर ठपका येईल असं लिहिणार का?" चरित्रटिपणात ठपका नाही आणि सफाईही नाही. चिठ्ठ्या कोण बनवत, कोण काढत, आणि या कुठे सापडल्या, इतकंच.

काउंटीला लेखी कळवलं. दोन-तीन पत्रांनंतर ठरलं की मालकी काउंटीची, ठेव आमच्याकडे, आणि स्कॅनचा एक संच कोर्टहाउसमध्ये. सार्वजनिक नोंदीतली नावं असल्यानं वाचकांवर बंधन नाही. त्याच गावात या नऊ घरांचे नातू-पणतू असणार, वंशावळ शोधायला लोक नेहमी येतात, आणि त्यांना ही नावं कळण्यापासून अडवायचं काही कारण दिसत नाही. कॅटलॉगात रंग शीर्षकातच घातला: 'ज्यूरीच्या चिठ्ठ्या, पांढऱ्या ५२, पिवळ्या ९, अंदाजे १९४७–१९५१, वाचनालय मंडळाच्या फोल्डरात सापडलेल्या'. फोल्डरही तिथेच ठेवला. 'ज्यूरी' नावाच्या मालिकेत हलवला असता तर तो कुठे दडलेला होता ही गोष्टच गेली असती.

एक काम राहिलं आहे. त्या काउंटीची मिनिट्स बुकं कोर्टहाउसच्या तळघरात आहेत, दर टर्मला पेटीतून निघालेली नावं त्यात उतरवलेली असतात. ही एकसष्ट नावं एखाद्या टर्मच्या यादीशी जुळली तर चिठ्ठ्या पेटीतून काढलेल्या ठरतील. फक्त बावन्न जुळली तर प्रकरण वेगळंच होईल. एकही जुळलं नाही तर त्या पेटीत कधी पडल्याच नाहीत, अशीही शक्यता धरावी लागेल. खंड मोठे, पाठ मोडकी, आणि क्लार्कच्या कार्यालयाला एका वेळी एकच खंड वर आणायची सोय आहे. १९४७ च्या पहिल्या टर्मपासून सुरुवात करायची ठरलं आहे.