तर्रीच्या मागाने नागपूर

नागपूरच्या स्टेशनवर सकाळी उतरलात तर सामान हॉटेलात टाका आणि चहाही न घेता कस्तुरचंद पार्ककडे निघा. स्टेशनपासून रिक्षाने अगदी जवळ आहे. मेट्रोने यायचं तर सीताबर्डीला गाडी बदला. तिथून झिरो माइल हे पहिलं स्टेशन आणि कस्तुरचंद पार्क दुसरं. मैदानाच्या आसपास पोह्यांच्या गाड्या लागलेल्या असतात. सात ते नऊ ही खरी वेळ. उशिरा गेलात तर पोह्यांवर ओतायचा तिखट, तवंगाचा रस्सा, म्हणजेच तर्री, तळाशी उरलेली, आटून खारट झालेली पदरात पडते.

माझ्या मते हे शहर ओळखायचा सगळ्यात सरळ रस्ता तर्रीचा आहे. सकाळी ती पोह्यांवर, दुपारी बेसनाच्या पाटोडीभोवती आणि रात्री सावजी मटणावर असते. तिन्ही ठिकाणी तिचं तंत्र वेगळं, आणि तो फरक समजला की शहराचे भागही उलगडू लागतात.

पोह्यांवरची तर्री काळ्या हरभऱ्यांची आणि पाण्यासारखी पातळ असते. चौघांसाठी एक वाटी हरभरे रात्री भिजत घालावेत. सकाळी चार वाट्या पाणी आणि मीठ घालून कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या कराव्यात. शिजवलेलं पाणी टाकायचं नाही, कारण रश्श्याची चव त्यातच असते. अर्धी वाटी तेलात बारीक वाटलेला कांदा, आलं-लसूण आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं थोडं वाटण तेल सुटेपर्यंत परतावं. मग आच अगदी मंद करून दोन चमचे तिखट, धणेपूड आणि गरम मसाला घालावा आणि लगेच दोन चमचे पाण्याचा हबका मारावा. कडकडीत तेलात कोरडं तिखट पडलं की क्षणात काळवंडतं, मग लाल तवंग मिळत नाही. हरभरे पाण्यासकट ओतून, लागेल तसं उकळतं पाणी घालून, वीस मिनिटं मंद आचेवर ठेवलं की तेल आपोआप वर येतं.

घरच्या तर्रीला तवंग येत नाही याची कारणं बहुतेक दोनच: तेलात केलेली काटकसर, किंवा रस्सा दाट व्हावा म्हणून घातलेलं बेसन. पीठ तेल धरून ठेवतं, ते वर येऊच देत नाही. पोहे जाड घ्यायचे, चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळू द्यायचे आणि फोडणी बेताची ठेवायची, कारण सगळं तिखट वरून येणार असतं. मऊ झालेल्या पोह्यांचा तर्रीत लगदा होतो. वर कच्चा कांदा, शेव, कोथिंबीर, लिंबू. पहिल्यांदा खात असाल तर तर्री वेगळ्या वाटीत मागा आणि चमच्याचमच्याने घाला. आलूबोंडा आणि समोसाही याच तर्रीत बुडवून मिळतो. तोही सोडू नये.

1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. गाडीवरचा माणूस मराठीत विचारतो आणि हिंदीत हिशेब सांगतो, समोसा-कचोरी पोह्यांच्या शेजारी सुखाने नांदते, यामागे तो इतिहास आहे. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या नागपूरकराला गावाची आठवण येते ती बहुधा याच खमंग, किंचित जळकट वासाने. त्या शहरांत पोहे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, पण कोरडे.

दुपारी इतवारी आणि महालकडे वळावं. मेट्रोच्या ॲक्वा मार्गावर अग्रसेन चौक किंवा चितार ओळी स्टेशनला उतरून पायी फिरलं की जुनं शहर लागतं. गल्ल्या अरुंद, किराण्याची आणि मसाल्यांची दुकानं, मध्येच एखादी साधी खानावळ. इथे पाटोडी रस्सा मागा. वड्या अशा करतात: दोन चमचे तेलात जिरं, लसूण, हिरवी मिरची, हळद यांची फोडणी, त्यावर पावणेदोन ते दोन वाट्या पाणी. त्याला उकळी आली की एका हाताने वाटीभर बेसन भुरभुरत दुसऱ्याने घोटत राहायचं. गुठळ्या मोडल्या की झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ. तेल लावलेल्या ताटात गरम असतानाच थापून, वर खोबरं-कोथिंबीर भुरभुरून कापायचं. वाफ कमी पडली तर वडी कच्ची लागते आणि दातांना चिकटते. पाणी जास्त झालं तर पिठलं होतं. चांगल्या खानावळीत वड्या आणि रस्सा शेवटपर्यंत वेगळे ठेवतात आणि वाढताना रस्सा वर ओततात. आधीच रश्श्यात उकळलेली पाटोडी फुटते आणि बेसनाने रस्सा गढूळ होतो. वाटी समोर येताच कडा बघा, त्या धारदार असल्या पाहिजेत.

थंडीत आलात तर सांबारवडी, म्हणजेच पुडाची वडी, जरूर खा. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर, आणि ती स्वस्त आणि कोवळी असते तेव्हाच ही वडी खरी. सारणात कोथिंबीर, खसखस, खोबरं, चारोळी. धुतलेली कोथिंबीर फडक्यावर पूर्ण वाळली नाही, तर तेलात वाफ कोंडून वडी फुटते. बाकी सगळं सोपं आहे.

सावजी ही नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांची घरची रांधण. 1877 मध्ये टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून या वस्त्यांत हातमाग चालत होते. मागावरची कमाई आटत गेली तशी अनेक घरांत भोजनालयं निघाली. म्हणून जुन्या सावजी भोजनालयाला आजही घराचाच आकार दिसतो: पुढच्या खोलीत टेबलं, मागे चूल.

सावजीला नुसती तिखट म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिचा कणा भाजणीत आहे. एक किलो मटणाला चार कांदे साल काळी पडेपर्यंत आचेवर भाजतात. पन्नास ग्रॅम सुकं खोबरं गडद तपकिरी होईपर्यंत, आणि धणे, शहाजिरं, लवंग, मिरे, दालचिनी, मोठी वेलची, जायपत्री, दगडफूल, खसखस हे सगळं वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजलं की धणे कच्चे राहतात आणि खसखस जळते. जळक्या खसखशीचा कडवटपणा पुढे कशानेही जात नाही. दगडफूल थेंबभर तेलात काही सेकंदच फिरवावं. दह्या-टोमॅटोची आंबटाई इथे नको. दाटपणासाठी दोन चमचे ज्वारीचं पीठ कोरडं भाजून, गार पाण्यात कालवून, मटण शिजत आल्यावर घालतात. थेट गरम रश्श्यात टाकलं तर गोळे होतात. पीठ एवढं बेताचं असूनही तवंग येतो, कारण तेलच जवळपास पाव लिटर असतं. जुन्या पद्धतीत ते जवसाचं. त्याला स्वतःचा उग्र वास असतो, म्हणून आधी चांगलं तापवून घेतात. जवसाचं तेल लवकर खवट होतं, तेव्हा घरी नेणार असाल तर छोटी बाटली घ्या आणि लवकर संपवा.

तिखटासाठी नागपूर जिल्ह्यातलीच भिवापुरी मिरची, भौगोलिक मानांकन मिळालेली. रंग देखणा. जेवताना तोंड भाजलं तर पाण्याचा उपयोग नाही, मिरचीतला दाहक घटक पाण्यात विरघळत नाही. भात घ्या, मठ्ठा घ्या. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा सावजी रात्रीच जेवावी. शाकाहारी मंडळींना डाळकांदा आणि वांगी याच मसाल्यात मिळतात, आणि वांगी तर अप्रतिम.

संत्र्यासाठी मात्र महिना बघून यावं. आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मृगाची गोडी मला जास्त आवडते. संत्राबर्फी घेताना वास घ्या. चांगल्या बर्फीत आधी गर साखरेत आटवून मगच खव्यात मिसळलेला असतो. कच्चा रस गरम खव्यात गेला तर खवा फुटून रवाळ होतो, आणि फोडीवरची पांढरी साल राहिली तर कडसर चव मागे रेंगाळते. खव्याची असल्याने ती दोन-तीन दिवसांत खावी. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला नेऊ नये.

परतीच्या पिशवीत इतवारीतून आख्खी भिवापुरी मिरची, दगडफूल आणि शहाजिरं टाका. तयार सावजी मसाला घ्यायचाच तर शंभर ग्रॅमच्या वर नको. त्यात भाजलेलं खोबरं असतं, महिनाभरात तेलकट वास धरतं. मिरची आणि दगडफूल हवाबंद डब्यात वर्षभर टिकतात. भाजणी घरी, करायच्या दिवशीच करावी.