दोन शब्दांमधला निळा दोरा: भरतकामाची नोंद, आठवडा सातवा ते अकरावा

पहिली ओळ पूर्ण झाली, असे मागच्या नोंदीत मी आनंदाने लिहिले होते. त्या ओळीतले ६१ टाके त्यानंतर मी उसवले आणि पुन्हा घातले. हे का करावे लागले आणि करताना काय उमगले, ते सविस्तर लिहिते.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्राची सुरुवात, म्हणजे ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे शब्द, मी फुलीच्या टाक्याने दोन ओळींत भरत आहे. कापड पांढरे, १४ काउंटचे आयडा, म्हणजे एका इंचात १४ घरे. नमुना १६८ बाय ९८ घरांचा असल्यामुळे भरलेला भाग १२ बाय ७ इंचांचा होईल, आणि फ्रेमसाठी चारही बाजूंना ३ इंच कापड मोकळे सोडले आहे. सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर आणि २४ नंबरची बोथट सुई मी वापरते. अक्षरे गडद निळी आहेत. पुढे जे घडले त्याचे मूळ या गडद निळ्या रंगातच आहे.

देवनागरी अक्षरांचा मनासारखा तयार नमुना न मिळाल्याने तो आलेखाच्या कागदावर मी स्वतः आखला. ज्यांना हा प्रयोग करायचा असेल त्यांनी शिरोरेषा दोन घरे जाड ठेवावी आणि प्रत्येक शब्दाची शिरोरेषा आधी भरून घ्यावी, कारण मग खालचे प्रत्येक अक्षर तिच्यापासून मोजता येते आणि चूक झालीच तर ती त्या एका अक्षरापुरतीच राहते. ‘श्व’ आणि ‘झ’ यांनी मला सर्वांत जास्त दमवले. तिरप्या रेषा चौकोनी घरांत जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. त्या मऊ करण्यासाठी पाऊण टाका घालावा लागतो आणि त्यासाठी घराच्या मधोमध कापड टोचावे लागते. बोथट सुईने ते नीट होत नाही, तेवढ्यापुरती टोकदार सुई हाताशी ठेवावी. ‘मेंढपाळ’मधला अनुस्वार आधी दोन बाय दोन घरांचा केला होता, तो मात्रेशेजारी हरवून जात होता, आता तीन बाय तीनचा केला आहे.

आठव्या आठवड्यात कापड रिंगमधून काढून आईला दाखवायला नेले. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर ती बरेच दिवस अंथरुणावर आहे, आणि यातले बहुतेक टाके तिच्या उशाशी बसूनच घातलेले आहेत. तिने कापड दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडासमोर धरले, बराच वेळ पाहिले, आणि मग विचारले, “अगं, या दोन शब्दांच्या मध्ये काय आलंय?” ‘परमेश्वर’ आणि ‘माझा’ यांच्या मध्ये मी १२ घरे, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर, कोरी सोडलेली आहेत. त्या कोऱ्या जागेत एक फिकट निळसर रेघ दिसत होती, पांढऱ्या कातडीखालून शीर दिसावी तशी. ‘परमेश्वर’ संपल्यावर दोरा बंद करून, म्हणजे त्याचे टोक मागच्या टाक्यांखाली अडकवून, कापण्याचा कंटाळा करून मी तो मागच्या बाजूने तसाच ‘माझा’पर्यंत ओढत नेला होता. शिरोरेषेच्या दोन्ही रांगांत तेच, आणि नीट पाहिल्यावर आणखी तीन ठिकाणी तेच केलेले सापडले. मांडीवर कापड असताना यातले काहीच दिसले नव्हते.

भरतकामाच्या मागच्या बाजूचा दाखला आपल्यापैकी अनेकांनी उपासनेत ऐकला असेल. आपण आयुष्याची उलटी बाजू पाहतो, तिथे गाठी आणि गुंते दिसतात. देव सुलट बाजू पाहतो, तिथे सुंदर चित्र असते. या दाखल्याने मला कठीण दिवसांत खरोखर धीर दिलेला आहे आणि तो मी सोडून देणार नाही. पण हातात सुई धरणारी म्हणून आता मला वाटते की त्यात एक गोष्ट सुटते. मागचा गुंता दर वेळी देवाच्या योजनेचाच भाग असतो असे नाही. कित्येकदा तो माझ्या कंटाळ्याचा असतो. आणि मागे ओढलेला गडद दोरा मागेच राहत नाही, तो पुढे दिसतो.

हे लिहिताना माझ्या मनात ताई आहे. ती दूर राहते, आईची खुशाली फोनवर विचारते, आणि विचारता विचारता सूचना करते. आईचे व्यायाम करून घेतलेस का, गोळ्या वेळेवर दिल्यास का, रात्री तिच्याजवळ कोण झोपते. यातला एकही प्रश्न चुकीचा नाही. तरी प्रत्येक फोननंतर माझ्या मनात एक दोरा उरायचा, तो मी बंद करत नव्हते आणि कापतही नव्हते, तसाच पुढच्या फोनपर्यंत ओढत नेत होते. बोलणे सभ्य असायचे. पण दोन फोनच्या मधल्या मोकळ्या दिवसांत, आईला पाणी देताना किंवा तिची पाठ पुसताना, माझ्या हातात एक कोरडेपणा यायचा, आणि तो आईला जाणवत होता, हे तिने नंतर सांगितले.

त्या रात्री मी १३९ वे स्तोत्र वाचायला घेतले, कारण भरतकाम करणाऱ्या प्रत्येकाला त्यातले पंधरावे वचन जवळचे वाटावे असे आहे. आपण गुप्त जागी घडवले गेलो, असे स्तोत्रकर्ता तिथे म्हणतो, आणि त्यासाठी त्याने योजलेले मूळ हिब्रू क्रियापद ‘रुक्कामती’ हे भरतकामाचे आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, दाराचा पडदा निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताने भरायला सांगितले आहे; तिथे भरतकाम करणाऱ्याला जो ‘रोकेम’ शब्द आहे, तो याच धातूचा. म्हणजे आईच्या उदरात देवाने आपल्याला भरले, रंगीत दोऱ्यांनी, अंधारात. हे मला आधीपासून ठाऊक होते आणि दर वेळी ते गोडच वाटायचे. या वेळी त्याच्या आधीची वचने डोळ्यांत भरली, जिथे म्हटले आहे की अंधारसुद्धा देवापासून काही लपवत नाही. ज्याने मला भरले त्याला माझी मागची बाजू दिसते, आणि स्तोत्राचा शेवट तर त्याने मला पारखून पाहावे अशा विनवणीनेच होतो. मी कितीतरी वर्षे हे स्तोत्र पंधराव्या वचनापाशी थांबून वाचत आले होते.

नवव्या आठवड्यात उसवायला बसले. बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात फाडण्याचा समय आधी आणि शिवण्याचा नंतर आला आहे, हे त्या संध्याकाळी मला फार सोबतीचे वाटले. ओढलेला दोरा मधोमध कापला, पण प्रत्येक बाजूला जेमतेम एक सेंटिमीटर टोक उरले, आणि तेवढ्यात दोरा नीट बंद करता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे सहा-सात टाके मागे उसवत गेले, तेव्हा चार-पाच सेंटिमीटरचे टोक हाती आले. एका जागी टोक फारच आखूड राहिले. अशा वेळी रिकामी सुई आधी मागच्या टाक्यांखालून घालावी आणि ती तिथेच असताना टोक तिच्या नेढ्यात ओवावे, म्हणजे आखूड टोकही आत ओढले जाते. उसवलेल्या जागी पांढऱ्या कापडावर निळी लव राहते, ती चिकटपट्टीने हलकेच टिपून घ्यावी, बोटाने चोळू नये. सुईची भोके काही दिवस दिसत राहतात. धुतल्यावर धागे बरेचसे जागेवर येतात.

ताईला मी दहाव्या आठवड्यात फोन केला. काय बोलायचे ते ठरवले होते, पण प्रत्यक्षात एवढेच बोलले की गेले काही महिने मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि ते तुला कधी सांगितले नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला तिथे येता येत नाही म्हणून मी प्रश्न विचारत राहते गं, दुसरं काय करू?” त्या दिवशी सगळे मिटले असे मी म्हणणार नाही. एक टोक हाती आले. रागात असताना सूर्य मावळू देऊ नये, असे प्रेषित पौलाने इफिसकरांना पत्रात लिहिले आहे. ते वचन मी लहानपणी पाठ केले होते, पण ते रोज संध्याकाळी करायचे काम आहे हे मला आता समजत आहे. आता फोन झाला की मी आधी आईजवळ बसून ताईसाठी प्रार्थना करते आणि मगच सुई उचलते. काही दिवस ती प्रार्थना दोन वाक्यांचीच होते.

कामाचा नियमही तसाच बदलला आहे. शब्द संपला की दोरा संपला, मग लांब दोरा वाया का जाईना. अक्षराच्या आत दोन-तीन घरांची उडी मी घेते, विशेषतः मात्रा आणि अनुस्वार यांच्यामध्ये, पण मागे भरलेले टाके असतील तर दोरा त्यांच्याखालूनच नेते. मागची बाजू पुढच्यासारखी देखणी हवी, असा हट्ट मात्र मला नको. माझी मागची बाजू आजही ओबडधोबड आहे, आणि तिथे गाठ नाही व कोऱ्या जागेवरून गेलेला गडद दोरा नाही, एवढ्यावर मी समाधानी आहे.

अकराव्या आठवड्याअखेर पहिली ओळ पुन्हा पूर्ण आहे आणि दुसऱ्या ओळीतले ‘मेंढपाळ’ ‘पा’पर्यंत आले आहे. ‘ळ’च्या दोन पोकळ्या सारख्या आकाराच्या दिसत नाहीत, त्यामुळे तो पुन्हा आखायचा आहे, कोणी फुलीच्या टाक्यात ‘ळ’ भरला असेल तर त्याची घरे किती होती ते कळवावे. दर शनिवारी सकाळी मी कापड आईकडे देते. ती ते खिडकीसमोर धरून दोन शब्दांमधली जागा तपासते, आणि परवा तिने ताईला फोनवर सांगितले की मधली जागा आता पांढरी आहे.